परिसर-पाठ : परसातील कोंबडीचे खाणे

सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या किनारपट्टीवर परसात चारदोन कोंबड्या नाहीत असे घर विरळा. सकाळी खुराडे उघडणे, कण्या टाकणे, तिन्हीसांजेस कोंबड्या मोजून कोंडणे ही कामे बहुधा मुलांकडेच असतात. अंड्यांचे चार पैसे घरातील स्त्रीच्या हाती येतात आणि वह्यापेन्सिलींचा खर्च पुष्कळदा त्यांतूनच भागतो. एक कोंबडी दगावली की ती उणीव घरास जाणवते. म्हणून हा विषय मुलांच्या दृष्टीने पुस्तकी नव्हे.

पाठाचा आरंभ प्रश्नाने करावा. कोंबडीस दात नाहीत, मग ती भाताचा दाणा भरडते कशाने? घरी कोंबडी कापलेली पाहणारे एखादे मूल पोटातील खड्यांची आठवण सांगेलच. गिळलेले अन्न प्रथम अन्नपुटात साठते व पुढे पेषणी नावाच्या जाड स्नायूंच्या पिशवीत जाते. तेथे खड्यांच्या साहाय्याने दाणे दळले जातात. मोकळी कोंबडी हे खडे आपणच वेचते. कोंडलेल्या कोंबडीस मात्र बारीक गारगोट्या पुरवाव्या लागतात.

शिंपल्यांचे काम निराळे आहे. अंड्याचे कवच मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचे असते आणि एका कवचासाठी कोंबडीच्या शरीरातून सुमारे 2 ग्रॅम कॅल्शियम खर्च होते. तिसऱ्या व कालवांची टरफले याच द्रव्याची. ती स्वच्छ धुऊन, वाळवून, जाडसर कुटून वेगळ्या करवंटीत ठेवावी. अंडी घालणारी कोंबडी गरजेपुरती खाते. वर्गात शिंपल्याच्या तुकड्यावर लिंबाचा रस पिळावा व गारगोटीवरही पिळावा. एकावर बुडबुडे येतात, दुसरीवर येत नाहीत. शिंपला पोटातील आम्लात विरघळतो, गारगोटी टिकते, हा भेद मुलांना डोळ्यांनी दिसतो.

धान्यांत कण्या, नाचणी व भात ही उत्तम. परंतु केवळ पांढऱ्या सडीक तांदळावर कोंबडी जगत नाही. येथे शिक्षकांनी एक खरी हकीकत सांगावी. जावा बेटावरील बटाव्हिया (आजचे जाकार्ता) येथे ख्रिस्तियान आइकमान हा डच वैद्य बेरीबेरी रोगाचा शोध घेत होता. 1889 साली त्याच्या प्रयोगशाळेतील कोंबड्यांचे पाय लुळे पडले आणि काही महिन्यांनी त्या आपोआप बऱ्या झाल्या. चौकशीअंती कळले की मधल्या काळात त्यांना लष्करी इस्पितळातील उरलेला पांढरा भात मिळत होता. पुढे नव्या आचाऱ्याने लष्कराचा भात कोंबड्यांना देण्याचे नाकारले आणि त्या पुन्हा साध्या तांदळावर आल्या. बरे करणारे द्रव्य कोंड्यात होते. आइकमानला प्रथम वाटले की कोंडा भातातील विष मारतो. उणीव एखाद्या आवश्यक द्रव्याची आहे, हे त्याचा सहकारी ग्रिन्स याने 1901 मध्ये मांडले. ते द्रव्य म्हणजे आजचे ब-1 जीवनसत्त्व. आइकमानला 1929 साली नोबेल पारितोषिक मिळाले. मोठ्या संशोधकाचा पहिला तर्कही चुकतो, हे मुलांनी जाणून घेण्यासारखे आहे.

आपल्याकडील उकड्या तांदळाचा संबंध येथे जोडावा. भात उकडताना हे जीवनसत्त्व कोंड्यातून दाण्याच्या आत शिरते आणि सडल्यावरही काही अंशी उरते. कोंडा कोंबड्यांना जरूर द्यावा, मात्र ताजा. तो लवकर खवट होतो.

पिलांस मांसवर्धक अन्न अधिक लागते. वाळवी, किडे, सुंगटांची सोललेली टरफले व मासळीचे तुकडे यांतून ते मिळते. भीती आहे ती मिठाची. खाऱ्या बांगड्याचे डोके किंवा लोणच्याचा खार खाऊन पिले फार तहानतात व मरतातही. खारवलेली मासळी पाणी बदलून चांगली भिजवल्याखेरीज घालू नये. पिलांना तर नकोच. मासळी फार झाल्यास अंड्यांना वास येतो, हे गृहिणींना ठाऊक आहेच.

पेरणीच्या दिवसांत आणखी एक धोका असतो. औषध चोळलेले उरलेले बियाणे धुऊनही कोंबड्यांना घालू नये. उंदरांसाठी ठेवलेले विषारी आमिषही त्यांच्या चोचीपासून दूर असावे. बटाट्याच्या हिरव्या साली, कच्चा राजमा, कण्हेरीचे डहाळे ही परसात टाकू नयेत.

सर्वांत फसवी गोष्ट म्हणजे बुरशी. आषाढ-श्रावणात शेंगदाण्याची व खोबऱ्याची पेंड, कण्या, मका यांना ओल लागते. टाकवत नाही म्हणून तेच कोंबड्यांना घातले जाते. 1960 साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी अशा दूषित भुईमूग पेंडीने मेले. त्या शोधातून अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचे विष उघडकीस आले. ते यकृत बिघडवते आणि शिजवल्याने नाहीसे होत नाही. बुरशी झटकून टाकली तरी विष आत उरते. म्हणून घरोघरची पेंडीची डबी उघडून वास व रंग पाहण्याचे काम मुलांना द्यावे, आणि खराब पेंड पुरून टाकण्यास सांगावे. ती गाईलाही घालू नये, कारण तिचा अंश दुधात उतरतो.