पोरगा उठत नाही, पोरगी उठते



मागच्या महिन्यात पाचाडजवळच्या एका वाडीत गटाची बैठक होती. हप्त्याचा हिशोब झाला, वहीवर सह्या झाल्या आणि उठता उठता एक ताई म्हणाल्या, "मॅडम, पोरगा रात्री बारापर्यंत मोबाईल बघतो आणि सकाळी ओंडक्यासारखा पडून राहतो. तोंडावर पाणी मारलं तरी उठत नाही. ह्याला आळस म्हणायचा का आजार?" सगळ्या हसल्या, पण घरी जायला कोणीच उठलं नाही. पुढचा पाऊण तास तोच विषय चालला. म्हणून या अंकाचा पाठ झोपेवर.

त्या ताईंना उत्तर असं, की बहुतेक वेळा हा आळसही नसतो आणि आजारही नसतो. १३ ते १८ वर्षांच्या मुलांना रात्री ८ ते १० तास झोप लागते. तुमचं-माझं सात-आठ तासांत भागतं, त्यांचं नाही. शिवाय वयात येताना शरीराचं घड्याळच पुढे सरकतं. अंधार पडल्यावर मेंदूत मेलॅटोनिन नावाचं द्रव्य तयार होतं, त्याने झोपेची वेळ झाली हे शरीराला कळतं. या वयात ते तास-दोन तास उशिरा तयार होऊ लागतं. लहानपणी नऊला पेंगणारं पोर आता अकरापर्यंत टक्क जागं राहतं, ते मुद्दाम नाही. त्यात मोबाईलचा उजेड डोळ्यावर पडला की मेंदूला वाटतं, अजून दिवसच आहे. अकराचे बारा होतात. सकाळची एसटी मात्र तिच्याच वेळेला सुटते.

आता हे आपल्या गटाच्या भाषेत मांडू. बाराला झोपून सहाला उठलं तर सहा तास. आठ तास लागणाऱ्या पोराची रोज दोन तासांची उधारी, शाळेच्या सहा दिवसांत बारा तास. मग रविवारी ते दहापर्यंत लोळतं. थोडी फेड होते, पण घड्याळ आणखी पुढे जातं, रविवारी रात्री झोप येत नाही आणि सोमवारी पुन्हा तीच गत. दिवसा वाचलेलं डोक्यात पक्कं बसतं ते झोपेत. वाढीसाठी लागणारा हार्मोनही गाढ झोपेत जास्त स्रवतो. दहावीचं पोर रात्री दोनपर्यंत पुस्तक धरून बसलं आणि पहाटे पाचला पुन्हा उठवलं, तर वाचलेलं बरंचसं वाया जातं. रात्री उशिरा वाचा किंवा पहाटे लवकर, दोन्ही एकदम नको.

यापुढचं थोडं टोचेल. त्या बैठकीत सगळी तक्रार मुलग्यांचीच होती. मुलींचं काय, विचारलं तर उत्तर आलं, "पोरी उठतात की." किती वाजता? साडेपाचला. पाणी भरायचं, केर काढायचा, भाकऱ्यांना हात लावायचा. झोपतात कधी? भांडी आवरून, अभ्यास करून अकराला. म्हणजे साडेसहा तास. एप्रिल-मे महिन्यात पाणी आटलं की त्याहून कमी. पोरगा उठत नाही म्हणून त्याची झोप आपल्याला दिसते. पोरगी उठते, म्हणून तिची तुटलेली झोप कोणी मोजतच नाही. मी हे बोलले तेव्हा एक ताई गप्पच झाल्या, मग म्हणाल्या, "आमचं पण असंच गेलं." माझंही काही वेगळं नव्हतं. कॉलेजात पहिल्या तासाला मी डुलक्या घ्यायचे आणि बोलणी खायचे.

गडाखाली राहणाऱ्या आपल्या लोकांची आणखी एक अडचण आहे. शनिवारी रात्री पर्यटकांच्या गाड्या येतात, पहाटे चढणाऱ्यांना चहा-पोहे लागतात, दुपारी पिठलं-भाकरी. चार पैसे मिळतात ते सोडा, असं मी म्हणणार नाही. पण दर आठवड्याला तेच पोर पहाटे उठत असेल तर पाळी लावा आणि त्याला दुपारी अर्धा तास पडू द्या. तासभर नको, रात्रीची झोप जाते. शिमग्याची किंवा शिवराज्याभिषेकाची एखादी रात्र जागली तर काही बिघडत नाही.

सुरुवात झोपण्याच्या वेळेपासून करू नका. "चल, नऊला झोप" म्हणून झोप येत नाही. उठायची वेळ बांधा. रविवारी फार तर एक तास सूट. उठल्यावर लगेच अंगणात, उजेडात काढा. सकाळच्या उजेडाने घड्याळ मागे सरकतं, हा बिनपैशाचा उपाय आहे. संध्याकाळी पाचनंतर चहा नको, कोराही नको. मोबाईल चुलीच्या खोलीत चार्जिंगला, पोराच्या उशाशी नाही. मुंबईला असलेल्या वडिलांचा फोन रात्री साडेदहाला पोराच्याच मोबाईलवर येतो, हे बऱ्याच घरांत दिसतं. त्यांनाच सांगा, सुट्टीतला नाश्ता करताना फोन करा. आणि जमिनीवर झोपणाऱ्यांना मच्छरदाणी, चारी बाजूंनी अंथरुणाखाली खोचलेली. डास तर अडतातच, रात्री फिरणारी मण्यारही अडते.

एकट्या घराने मोबाईल बंद केला की पोर शेजारी जाऊन बसतं. म्हणून सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावची गोष्ट सांगते. तिथे १५ ऑगस्ट २०२२ पासून रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजू लागला आणि साडेआठपर्यंत टीव्ही-मोबाईल बंद ठेवायचे असं गावाने ठरवलं. सुरुवातीला पुरुषांनी थट्टा केली. बायकांनी मात्र कबूल केलं की मालिका आपणही जास्त बघतो, आणि तिथून ते जुळलं. त्यांचा मुद्दा अभ्यासाचा होता. आपल्याला रात्री दहाची वेळ ठरवता येईल. भोंगा नसला तरी चालेल, एका वाडीतल्या दहा घरांनी एकाच वेळी मोबाईल ठेवला तरी पुष्कळ झालं.

फेब्रुवारी २०२४ मध्ये शासनाने चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवायला सांगितलं, त्यामागे मुलांच्या अपुऱ्या झोपेचा विचार होता. मोठ्या मुलांसाठी तो निर्णय नाही. त्यांचं आपल्यालाच बघायचं आहे.

काही मुलांचं मात्र घरगुती उपायांवर सोडू नका. मुलगी फिकी दिसते, चढ चढताना धाप लागते, पाळीत जास्त रक्त जातं, तर आशाताईंना सांगून हिमोग्लोबिन तपासा. पोर कित्येक दिवस झोपत नाही, जेवत नाही, कोणाशी बोलत नाही, तर टेलिमानसच्या १४४१६ या सरकारी नंबरवर फोन करा. पैसे लागत नाहीत, मराठीत बोलतात.

पुढच्या बैठकीला येताना घरातल्या प्रत्येक मोठ्या मुलाची-मुलीची सात दिवसांची नोंद आणा. कधी आडवं झालं, कधी उठलं, कोणी उठवलं. लिहायला पोरांनाच बसवा. मुलीच्या नावापुढे एक जादा रकाना आखा, उठल्यावर पहिलं काम कोणतं केलं याचा. तोच रकाना मुलाच्या नावापुढेही आखा. रिकामा राहिला तर रिकामाच आणा.