‘पावसाने ओढ दिली’ म्हणजे काय? – संदर्भातून शब्दार्थ शिकवताना



नवा पाठ सुरू करताना आपण आधी काय करतो? फळ्यावर ‘शब्दार्थ’ असं शीर्षक लिहून त्याखाली दहा-बारा शब्द आणि त्यांचे अर्थ लिहितो. मुलं ते वहीत उतरवतात, पाठ करतात आणि चाचणीत मार्कही मिळवतात. मीसुद्धा कित्येक वर्षं हेच करत होते. पण चौथीच्या वर्गातल्या एका प्रसंगाने माझे डोळे उघडले.

मी मुलांना एक छोटा उतारा लिहून दिला होता : ‘मृग कोरडा गेला. आषाढ लागला तरी पावसाने ओढ दिली. पेरण्या खोळंबल्या. बाबा रोज संध्याकाळी आभाळाकडे बघत गप्प बसायचे.’ खाली प्रश्न होता, बाबा काळजीत का होते?

शब्दार्थात नेहमी पैकीच्या पैकी गुण मिळवणाऱ्या मुलीने उत्तर लिहिलं, ‘कारण त्यांना पावसाची आवड लागली होती.’ आधीच्या एका पाठात मीच फळ्यावर लिहिलं होतं, ‘ओढ – आवड, आकर्षण.’ तिने तेच इथे लावलं. चूक तिची नव्हती, माझ्या पद्धतीची होती.

मागच्या रांगेतला एक मुलगा वाचताना अडखळतो, शब्दार्थ तर कधीच पाठ करत नाही. तो म्हणाला, “मॅडम, पाऊस आलाच न्हाई. आला असता तर पेरण्या कशाला खोळंबल्या असत्या?” त्याने अर्थ सांगितला आणि पुरावाही दिला. हाच पुरावा शोधायला आपण सगळ्या मुलांना शिकवायचं आहे.

मुलांना कोणत्या खुणा दाखवाव्यात?

१. अर्थ शेजारीच असतो : ‘वेशीजवळ, म्हणजे गावात शिरण्याच्या जागी, लोक जमले.’ इथे ‘म्हणजे’ हा शब्द खूण आहे.

२. उलट गोष्ट सांगितलेली असते : ‘थोरला अबोल, धाकटा मात्र दिवसभर बडबडायचा.’ ‘पण’, ‘मात्र’, ‘उलट’ हे शब्द दिसले की थांबून बघायचं.

३. कारण किंवा परिणाम असतो : ‘विहीर आटली म्हणून बायकांना लांबून पाणी आणावं लागलं.’ ‘आटली’चा अर्थ पुढच्या भागात सापडतो.

४. उदाहरणं असतात : ‘कोपऱ्यात कुदळ, खुरपं, विळा अशी अवजारं पडली होती.’

५. शब्दाची घडण मदत करते : अबोल म्हणजे न बोलणारा. पण इथे जपून! माझ्या वर्गात एकाने विचारलं होतं, “मग अजगर म्हणजे जगर नसलेला का?” सगळे हसले, पण नियम प्रत्येक ठिकाणी चालत नाही हे कायमचं कळलं.

वर्गात मी काय करते?

अनोळखी शब्द आला की लगेच थांबायचं नाही. ते वाक्य आणि पुढचं एक वाक्य पूर्ण वाचायचं. मग अंदाज सांगायचा आणि कोणत्या शब्दांवरून तो केला ते पेन्सिलने अधोरेखित करायचं. नंतर आपला अर्थ मूळ शब्दाच्या जागी ठेवून वाक्य पुन्हा वाचायचं. बसतो का? शेवटी शब्दकोशात तपासायचं. मूल घरच्या बोलीत अर्थ सांगत असेल तर तो आधी स्वीकारायचा, पुस्तकी शब्द मागाहून द्यायचा.

यासाठी ‘पात्र’ हा शब्द फार उपयोगी आहे. ‘पुरामुळे नदीचं पात्र रुंद झालं’, ‘नाटकात पाच पात्रं आहेत’, ‘ती शिष्यवृत्तीसाठी पात्र ठरली’, ‘तांब्याचं पात्र घासून ठेवलं’ ही चार वाक्यं फळ्यावर लिहा आणि अर्थ मुलांकडूनच काढून घ्या. शब्दाचा अर्थ वाक्यात ठरतो, हे वेगळं सांगावं लागत नाही.

ही पद्धत कुठे चालत नाही?

एका ओळीत तीन-चार शब्द अनोळखी असतील तर मूल अंदाज कशाच्या आधारे करणार? तेव्हा सोपा उतारा द्यावा. ‘तो विषण्ण होता’ एवढ्याच वाक्यात काही खूण नाही, तिथे सरळ अर्थ सांगावा. ‘बाष्पीभवन’सारखे विषयातले शब्दही नीट समजावूनच द्यावेत. आणि एकदा भेटून शब्द आपला होत नाही. नॅगी, हर्मन आणि अँडरसन या अमेरिकन संशोधकांनी १९८५ मध्ये आठवीच्या मुलांचा अभ्यास केला. एका वाचनातून मुलं संदर्भाने शब्द शिकतात, पण थोडेच, असं त्यांना दिसलं. म्हणजे भरपूर वाचन हवंच.

पालकांसाठी

मुलाने “याचा अर्थ काय?” विचारलं की लगेच सांगू नका आणि “एवढंही येत नाही?” असं तर मुळीच म्हणू नका. “तुला काय वाटतं? कशावरून?” एवढंच विचारा. पण प्रत्येक शब्दाला अडवू नका, नाहीतर गोष्टीतली मजाच जाईल. एका गोष्टीत दोन-तीन शब्द पुरे.

२०२१ पासून आपण ‘निपुण भारत’ अंतर्गत समजून वाचण्यावर भर देतो आहोत. पाठ केलेल्या अर्थांची यादी म्हणजे समजून वाचणं नव्हे. आपण शाळेत सोबत असतो, पण पुढे वर्तमानपत्र, फॉर्म, औषधाची चिठ्ठी वाचताना मुलांजवळ फळ्यावरचे शब्दार्थ नसणार.

‘पावसाची आवड’ लिहिणारी ती मुलगी परवा वाचता वाचता एका शब्दाला अडली. मी सवयीने अर्थ सांगायला तोंड उघडलं, तर म्हणाली, “मॅडम, थांबा. सांगू नका. पुढचं वाचू द्या.”

उद्याच्या पाठाला फळ्यावर शब्दार्थ न लिहिता सुरुवात करून बघा.