जगमंदिर: पाण्यानें वेढलेलें आश्रयस्थान

राजवाडे पाहण्यास जाणाऱ्या मनुष्याची दृष्टि बहुधा छतावरील नक्षीकडे व भिंतींवरील आरशांकडे वळते. तें स्वाभाविकच आहे. परंतु कांहीं वास्तु अशा असतात कीं, त्यांची खरी शोभा त्यांच्या दगडांत नसून तेथें घडलेल्या गोष्टींत असते. गेल्या दिवाळीच्या सुटींत आम्ही कांहीं शिक्षक व विद्यार्थी मिळून मोटारीनें राजस्थानांत गेलों होतों. त्या वेळीं पाहिलेलें उदयपूरचें जगमंदिर हें अशांपैकींच एक होय. त्या वास्तूची माहिती, आणि ती पाहतां पाहतां आमच्यांत निघालेला एक प्रश्न, हीं दोन्ही वाचकांपुढें ठेवण्याचा येथें विचार आहे.

अहमदाबादेहून उदयपूर सुमारें २६० किलोमीटर आहे. हिंमतनगर व शामळाजी मागें टाकून आपण राजस्थानच्या हद्दींत शिरलों, म्हणजे गुजरातचें सपाट मैदान संपतें आणि अरवलीच्या टेकड्या रस्त्याच्या दोन्ही अंगांस येऊन उभ्या राहतात. ऋषभदेवाच्या आसपास हिरव्या दगडाच्या खाणी आहेत. त्या दगडाचे मोठमोठे चिरे लादलेल्या मालमोटारी आम्हांस वाटेंत वारंवार भेटल्या. रस्ता एकसारखीं वळणें घेत चढतो व उतरतो. ही भूमि डोळ्यांनीं पाहिली, म्हणजे मेवाडच्या राज्यकर्त्यांना आपल्याहून बलाढ्य सैन्यांशीं इतकीं वर्षें झुंजतां कसें आलें, हें पुस्तकावांचून समजतें.

उदयपूर शहर महाराणा उदयसिंहानें १५५९ सालीं वसविलें. पुढें १५६८ सालीं चितोडगड अकबराच्या हातीं गेल्यावर हेंच मेवाडच्या राजधानीचें ठिकाण झालें. पिचोला सरोवर मात्र शहराहून जुनें आहे. १४व्या शतकांत एका बंजाऱ्यानें येथें बांध घातला, अशी परंपरा आहे. बंजारे म्हणजे बैलांच्या तांड्यांवर धान्य व मीठ लादून गांवोगांव नेणारे व्यापारी. उदयसिंहानें तो बांध वाढविला व सरोवराचा विस्तार केला. आज तें सुमारें ४ किलोमीटर लांब व ३ किलोमीटर रुंद आहे. पाहणाऱ्यास जें निसर्गाचें दान वाटतें, तें वस्तुतः मनुष्याच्या हातचें काम आहे.

या सरोवरांत दोन बेटांवर दोन राजवाडे आहेत. शहराच्या जवळचा तो जगनिवास. महाराणा दुसरा जगत्सिंह यानें तो १७४३ ते १७४६ या काळांत बांधविला. पांढऱ्या इमारतीनें सगळें बेट व्यापलें असल्यामुळें ती पाण्यावर तरंगत आहे असा भास होतो. १९६३ सालीं त्याचें पंचतारांकित हॉटेल झालें. दुसरा राजवाडा जगमंदिर. तो अधिक दक्षिणेस व शंभर वर्षांहून अधिक जुना आहे. महाराणा कर्णसिंहाच्या वेळीं त्याचें काम चाललें होतें, आणि पहिल्या जगत्सिंहानें तें पुरें केलें. त्याच्याच नांवावरून त्यास जगमंदिर म्हणतात.

राजप्रासादाखालील घाटावर आम्ही नावेंत बसलों. नाव जवळ जाऊं लागली, तसे प्रथम दगडी हत्ती दिसूं लागले. सोंडा उभारून ते पाण्याकडे तोंड करून उभे आहेत, जणूं येणाऱ्याचें स्वागत करण्याकरितांच त्यांस तेथें ठेवलें आहे. आंत बाग आहे, चौक आहे, आणि घुमटाची एक इमारत आहे. तिला गुलमहाल म्हणतात. आम्हीं जी हकीकत विद्यार्थ्यांस सांगितली, ती या गुलमहालाच्या पायऱ्यांवर बसूनच.

राणा प्रतापाचा पुत्र अमरसिंह यानें दीर्घकाळ मोंगलांशीं युद्ध केलें. अखेर १६१५ सालीं त्यास तह करावा लागला. त्याच्यावर चालून आलेल्या मोंगल सैन्याचा सेनापति होता शहाजादा खुर्रम, बादशहा जहांगीराचा मुलगा. तहान्वये अमरसिंहाच्या मुलास, म्हणजे कर्णसिंहास, बादशहाच्या दरबारीं जावें लागलें. त्यानंतर सात आठ वर्षांतच काळाचें चक्र फिरलें. खुर्रमानें बापाविरुद्ध बंड केलें, त्याचा पराभव झाला, आणि तो आश्रय शोधीत फिरूं लागला. त्या संकटांत तो उदयपुरास आला. गादीवर तेव्हां कर्णसिंह होता. ज्याच्यापुढें आपल्या बापास मान लवविणें भाग पडलें, त्याच शहाजाद्यास कर्णसिंहानें या बेटावर जागा दिली. कर्णसिंहाचा भाऊ भीमसिंह तर खुर्रमाच्या बाजूनें लढतां लढतां १६२४ सालीं रणांत पडला. हाच खुर्रम १६२८ सालीं शहाजहान या नांवानें तख्तावर बसला.

यानंतर सव्वादोनशें वर्षांहून अधिक काळ लोटला. ३ जून १८५७ रोजीं नीमच येथील छावणींत शिपायांचा उठाव झाला. तेथील युरोपियन कुटुंबें जीव घेऊन मेवाडच्या दिशेनें पळालीं. महाराणा स्वरूपसिंहानें त्या बायकामुलांस आपल्या रक्षणाखालीं उदयपुरास आणविलें व याच जगमंदिरांत ठेवलें. चहूंकडे पाणी असल्यामुळें त्यांजवर अकस्मात् हल्ला होण्याचें भय नव्हतें.

ही हकीकत संपतांच एका विद्यार्थ्यानें विचारलें, "सर, याला दया म्हणावें कीं राजकारण? शहाजादा उद्यां बादशहा होईल असें कर्णसिंहाला वाटलें असेल. आणि १८५७ मध्यें इंग्रजांना दुखवून महाराण्याला कसें चाललें असतें?"

प्रश्न मोठा मार्मिक होता. मेवाडनें १८१८ सालीं कंपनी सरकारशीं तह केला होता, हें खरें. आणि तो तह करण्याची पाळी मेवाडवर कां आली, हें मराठी मुलांनीं तरी विसरूं नये. १७३६ सालीं पहिला बाजीराव पेशवा उदयपुरास आला व मेवाडनें चौथाई देण्याचें कबूल केलें. पुढें शिंदे व होळकर यांच्या सैन्यांनीं खंडणीसाठीं त्या राज्यास इतकें पिळून काढलें कीं, तें जर्जर होऊन गेलें. आपल्या पूर्वजांचा पराक्रम वाचतांना त्याची किंमत कोणीं दिली, हेंही वाचावें. इतिहास शिकण्याचा हा एक मोठा लाभ आहे.

मग दया कीं राजकारण? आम्हांस असें वाटतें कीं, राज्यकर्त्यांच्या मनांत दोन्ही असतात, आणि त्यांची वाटणी तराजूनें करतां येत नाहीं. परंतु कर्णसिंहानें आश्रय दिला, तेव्हां बादशहा जहांगीर जिवंत होता. त्याचा कोप मेवाडवर कोसळला असता. लाभ अनिश्चित होता, धोका मात्र समोर उभा होता. आणि १८५७ सालीं बेटावर आलेल्या लहान मुलांस तह म्हणजे काय, हें ठाऊकही नव्हतें. त्यांस फक्त इतकेंच कळलें असेल कीं, येथें आपणांस कोणी मारणार नाहीं. देणाऱ्याच्या हेतूंत कांहीं भेसळ असली, तरी घेणाऱ्यास मिळालेला आश्रय खराच असतो.

परततांना नावाड्यानें पाण्यांतील एक चबुतरा दाखविला. त्यास नटणीचा चबुतरा म्हणतात. दोरीवरून सरोवर ओलांडलेंस तर अर्धें राज्य देईन, असें एका महाराण्यानें नटणीस वचन दिलें. ती पलीकडे पोंचण्याच्या बेतांत असतां दरबाऱ्यांनीं दोरी कापली व ती बुडाली, अशी लोककथा आहे. एकाच सरोवरांत पाळलेल्या वचनाची खूण आहे, आणि मोडलेल्या वचनाचीही. लोक दोन्ही विसरलेले नाहींत.

शेवटीं आणखी एक गोष्ट. या शतकाच्या आरंभीं लागोपाठ अवर्षण पडलें, तेव्हां पिचोला आटून त्याचा तळ उघडा पडला होता. जेथें नावा चालत, तेथें माणसें पायीं चालूं लागलीं. राजवाडे जागच्या जागींच होते, पण त्यांचें बेटपण गेलें होतें. पुढें चांगला पाऊस होऊन सरोवर भरलें. ज्या पाण्यानें शरणागतांचें रक्षण केलें, त्या पाण्याचें रक्षण करणें आतां मनुष्याकडे आलें आहे.

विद्यार्थिमित्रहो, आपणांपैकीं कोणाजवळ राजवाडा नाहीं, बेटही नाहीं. परंतु वर्गांत नवा आलेला, कोणाशीं ओळख नसलेला मुलगा बाकावर जागा शोधीत उभा असतो, तेव्हां थोडें सरकून त्यास जवळ बसवून घेणें हें आपल्या हातांत आहे. काल तो आपल्याशीं भांडला असला तरीही! जगमंदिर पाहून आम्ही आलों, तें हाच धडा घेऊन.