मुलांना घरात जागा द्या

ग्वाल्हेरकडे होळीच्या सुमारास मोहरी व तिच्या पाठोपाठ गहू काढणीस येतो. घरातील कर्ती माणसे शेतावर जातात. लहान मूल आजीच्या स्वाधीन होते, नाहीतर बांधावरच्या झाडाखाली झोपवले जाते. पुढे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास चढतो, लू वाहू लागते आणि मूल दुपारभर घरात कोंडले जाते. 'इकडे येऊ नको, त्याला हात लावू नको' एवढेच त्याच्या कानी पडते. मूल हट्टी झाले, मोडतोड करते, अशी तक्रार आपण करतो. पण हात-पाय चालवायला आपण त्याला घरात जागा कोठे दिली आहे?

हाच प्रश्न रोम शहरातील सान लोरेंझो या मजूरवस्तीत उभा राहिला होता. आईबाप कामावर गेले की मुले जिन्यांतून हुंदडत व भिंती खराब करीत. तेव्हा ६ जानेवारी १९०७ रोजी डॉ. मारिया मॉन्टेसरी यांनी तेथील एका इमारतीतच 'बालगृह' उघडले. मुलांना स्वतः उचलता येईल असे हलके सामान, हात पोचेल अशी बुटकी कपाटे, आणि झाडणे, पुसणे, मांडणे अशी खरीखुरी कामे त्यांना मिळाली. मुले कामात रमली. डॉ. मॉन्टेसरी १९३९ साली भारतात आल्या. त्यांच्या भारतातील वास्तव्यात ग्वाल्हेर येथेही त्यांच्या देखरेखीखाली एक नमुना शाळा सुरू झाली.

खेड्यातील गरीब घराला हे कसे जमावे, याचे उत्तर ताराबाई मोडक यांनी दिले. त्यांनी १९४५ साली बोर्डी येथे बालवाडीचे काम सुरू केले व १९५७ पासून अनुताई वाघ यांच्यासह ते कोसबाडच्या टेकडीवर चालवले. मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. शिंपले, खडे, बिया, पाने हीच तेथील खेळणी. 'अंगणवाडी' ती हीच. १९७५ साली सुरू झालेल्या सरकारी बालविकास योजनेमुळे हे नाव देशभर पोचले.

यातून आपण एक धडा घ्यावा. खेळासाठी वेगळी खोली बांधण्याची गरज नाही. घरात मोठी माणसे जेथे काम करतात, तेथे त्यांच्या नजरेसमोर मुलासाठी हातभर जागा राखावी.

स्वयंपाकघरात : चुलीपासून चार हात दूर एक पोते अंथरावे. जवळच्या खालच्या फळीवर लाकडी पळी, वाट्या व झाकणाचा डबा ठेवावा. त्या वस्तू मुलाच्याच समजाव्या.

माजघरात : भिंतीचा एक भाग गेरूने सारवून द्यावा व खडू द्यावा. मग मूल इतर भिंती रंगवणार नाही. बुटक्या खुंटीवर त्याचे कपडे त्यालाच टांगू द्यावे. उन्हाळ्यात दुपारचा खेळ येथेच व्हावा.

ओटीवर : पाच वर्षांवरील मुलांना हरभरे, चिंचोके, मक्याचे दाणे निवडायला व मोजायला द्यावे. त्याहून लहान मुलांना असे दाणे देऊ नयेत. ती ते नाकात घालतात, किंवा दाणा श्वासनलिकेत अडकतो. नाकात दाणा गेल्यास काडीने कोरू नये, डॉक्टरांकडे न्यावे.

अंगणात : सावलीत स्वच्छ वाळूचा छोटा ढीग करावा. रात्री तो झाकावा, म्हणजे कुत्री-मांजरे घाण करणार नाहीत. गोठ्याशेजारी खेळू देऊ नये. खेळून आल्यावर साबणाने हात धुण्याची सवय लावावी.

मात्र जागा देण्यापूर्वी घर मुलाच्या उंचीवरून पाहावे. आपण स्वतः जमिनीवर बसून चहूकडे नजर टाकावी. विळे, खुरपी व ब्लेड वर टांगावी. विहीर व हौद यांवर झाकण असावे, कारण वीतभर पाण्यातही रांगते मूल बुडू शकते. कीटकनाशके, उंदराचे औषध व रॉकेल कुलुपात ठेवावे. औषध सरबताच्या बाटलीत कधीही ओतू नये. मूल बाटली पाहते, चिठ्ठी वाचत नाही. औषधाचा रिकामा डबा कितीही धुतला तरी खेळायला देऊ नये. विष पोटात गेल्याचा संशय येताच उलटी करवू नये. डबा बरोबर घेऊन मुलाला ताबडतोब दवाखान्यात न्यावे.

मूल आपल्याजवळ खेळते तेव्हा ते आपले कामही पाहते. दाणे निवडता निवडता मोजणी येते, वाट्या मांडता मांडता लहान-मोठे कळते. आपल्याला काम थोडे हळू करावे लागेल, हे खरे. पण पेरल्याच्या दुसऱ्याच दिवशी शेतकरी पीक मागत नाही.

या आठवड्यात करावे :
१. विषारी औषधांसाठी कुलुपाची पेटी ठरवावी.
२. विहीर, हौद व पिंप यांची झाकणे तपासावी.
३. घरात मुलासाठी एक तरी जागा निश्चित करावी आणि ती कोठे असावी, हे मुलालाच विचारावे.