यथाशक्ती
आजचे चिंतन : दासबोध, दशक ११, समास ३



आषाढात हिर्डोशी खोऱ्यात चार-चार दिवस ऊन दिसत नाही. नीरा-देवघरच्या पाण्यावर धुकं, वरंध घाटात दरडीची भीती, बाहेर नुसता चिखल. तरवा लावणीला आलेला असतो, माणसं सांगून ठेवलेली असतात, आणि नेमकं त्याच सकाळी उठावंसंच वाटत नाही. अंग दुखत नाही, ताप नाही. मन मात्र बसलेलं. पोथी उघडायची इच्छा नाही, कुणाशी बोलायची नाही. घरचे म्हणतात, "आळस भरलाय." आपणही स्वतःला तेच म्हणतो.

आता याच घाटाच्या पलीकडे, खाली महाडच्या बाजूला शिवथरघळ आहे. समर्थांनी तिथे दासबोध सांगितला आणि कल्याणस्वामींनी तो लिहून घेतला, अशी परंपरा आहे. धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी १९३० मध्ये ही घळ पुन्हा उजेडात आणली. पावसाळ्यात तिच्या तोंडाशी धबधबा कोसळतो, आत ओल आणि अंधार. म्हणजे हा ग्रंथ आपल्याच पावसातला म्हणायचा!

समर्थ आळसाला मुळीच सोडत नाहीत. दशक ८, समास ६ मध्ये ते साखळीच दाखवतात : चित्त ठिकाणावर नसलं की आळस येतो, आळसापाठोपाठ झोप, आणि मग आयुष्य वाया. हे वाचून बरेच साधक स्वतःलाच चाबूक मारत बसतात. मला ते पटत नाही. खचलेलं मन आणि आळशी मन एक नव्हे. आळशाला पडून राहण्यात सुख वाटतं. खचलेल्याला पडून राहण्याचाही त्रास होतो. आणि ज्यांनी आळसाला एवढं झोडपलं, त्याच समर्थांनी करुणाष्टकंही लिहिली. त्यात मन आवरत नाही म्हणून रामापुढे केलेला आकांत आहे. तो आकांत लपवावा असं त्यांना वाटलं नाही.

म्हणून आजचा समास नीट बघा. यात दिवस कसा घालवावा ते सांगितलंय. पहाटे उठावं, काही पाठांतर करावं, आणि देवाला आठवावं... किती? तर 'येथानशक्ती'. जेवढी शक्ती असेल तेवढं. अमुक माळा झाल्याच पाहिजेत असं इथे म्हटलेलं नाही. पुढे काय, तर शौच, तोंड धुणं, आंघोळ, पूजा, थोडा फळाहार, मग संसाराचा धंदा, आणि लोकांशी गोड बोलणं. किती साध्या गोष्टी! आधी उत्साह येऊ दे, मग उठ, असं समर्थ कुठेच म्हणत नाहीत. मनाची वाट न बघता हातपाय आधी कामाला लावले आहेत.

तेव्हा असा दिवस आला की यादी लहान करा. तोंड धुवा. एक ओवी वाचा, समास राहू दे. चहाबरोबर दोन घास खा. सगळं वावर आज उरकायचं नाही, बांधापर्यंत जाऊन पाणी कुठे फुटलंय तेवढं बघून या. जमलं तर एक वाफा लावा. नाही जमलं तर शेजारच्याला स्पष्ट सांगा, "दादा, आज माझ्यानं होत नाही, जरा हात लावा." इर्जिकीची रीत असलेल्या गावाला हे नवीन नाही. सगळ्यात अवघड तेवढं बोलणंच असतं.

एक गोष्ट मात्र नामस्मरणाच्या भरवशावर सोडू नका. दोन आठवडे होऊनही मन असंच राहिलं, झोप-भूक गेली, जगणं नकोसं वाटू लागलं, तर डॉक्टरांना दाखवा. सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या नंबरवर आहे, फोनला पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. औषध घेतल्यानं भक्ती कमी होत नाही. घरात असं कुणी असेल तर नंबर तुम्हीच लावून द्या आणि शेजारी बसून राहा.

उद्या याच समासातली पुढची ओवी घेऊ. आज पाठांतराला एवढा एकच शब्द पुरे : येथानशक्ती.