मोठे वाहन आणि महाग इंधन

इंधन महागले की मोठ्या वाहनांचे दिवस संपतात, असा सर्वसाधारण समज आहे. तो चुकीचा नाही, पण अपुरा आहे. म्हैसूर येथे तयार होणाऱ्या एका मोटारसायकलीच्या इतिहासावरून हे चांगले समजते.

म्हैसूरच्या यादवगिरी भागात ‘आयडियल जावा’ या कारखान्यात 1961 पासून 250 सीसीच्या मोटारसायकली तयार होऊ लागल्या. उद्योग मुंबईच्या इराणी कुटुंबाचा आणि तंत्रज्ञान चेकोस्लोव्हाकियातील जावा कंपनीचे. पुढे सत्तरीच्या दशकात गाडीचे नाव ‘येझदी’ झाले. भक्कम बांधणी, खराब रस्त्यावरही टिकाव धरण्याची ताकद आणि दुरून ओळखू येणारा आवाज यांमुळे ती लोकप्रिय झाली.

मात्र ही गाडी पेट्रोल फार पीत असे. तिचे इंजिन टू-स्ट्रोक पद्धतीचे होते. या पद्धतीत जळालेला वायू बाहेर जाण्याची आणि ताजे मिश्रण आत येण्याची वाट काही क्षण एकाच वेळी उघडी असते. त्यामुळे थोडे पेट्रोल न जळताच धुराबरोबर निघून जाते. फोर-स्ट्रोक इंजिनात या कामांसाठी दट्ट्याच्या स्वतंत्र धावा व झडपा असतात. म्हणून ही नासाडी पुष्कळच कमी होते.

ऑक्टोबर 1973 मध्ये अरब राष्ट्रांनी तेलपुरवठ्यावर निर्बंध घातले आणि काही महिन्यांतच खनिज तेलाचा भाव सुमारे चौपट झाला. 1979 मध्ये इराणमधील क्रांतीनंतर तो पुन्हा भडकला. तरीही येझदीचे ग्राहक तिला सोडून गेले नाहीत. उलट, तिचा ‘रोडकिंग’ हा गाजलेला प्रकार 1978 मध्ये, या दोन संकटांच्या मधल्या काळातच बाजारात आला. याचे कारण असे की, ग्राहकाला जाण्यासाठी दुसरीकडे वाटच नव्हती. परवाना-पद्धतीच्या त्या काळात मोटारसायकलींत राजदूत, बुलेट अशी मोजकीच नावे होती, आणि स्कूटरसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागे. मनुष्य कुरकुरत का होईना, पेट्रोलचे पैसे मोजत होता.

ही स्थिती पालटली ती सरकारने परदेशी सहकार्याने 100 सीसीपर्यंतच्या दुचाकी काढण्यास मुभा दिल्यावर. 1984 मध्ये होसूरची इंड-सुझुकी आणि 1985 मध्ये धारूहेड्याची हीरो होंडा रस्त्यावर आली. यांपैकी हीरो होंडा फोर-स्ट्रोक होती. साधा हिशेब करू. रोज 30 किलोमीटर जाणाऱ्या माणसाला येझदीसाठी महिन्याला सुमारे 30 लिटर पेट्रोल लागे. नव्या गाडीला त्याच्या निम्मेही पुरेसे होते. पगारदार माणसाला याहून अधिक समजावून सांगण्याची गरज नव्हती. वाहनांच्या धुरावर 1991 व 1996 मध्ये आलेल्या मर्यादांनी टू-स्ट्रोक इंजिनाची अडचण आणखी वाढवली. 1996 मध्ये म्हैसूरचा कारखाना बंद पडला.

हाच क्रम पुढे अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर दिसला. तेथे ‘एसयूव्ही’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अवजड मोटारींचा बोलबाला होता. 2008 च्या उन्हाळ्यात खनिज तेल पिंपामागे 147 डॉलरपर्यंत चढले, आणि त्या मोटारींची मागणी काही महिन्यांतच कोसळली. कारण लहान, काटकसरी मोटारी शेजारच्याच दुकानात उभ्या होत्या. जनरल मोटर्सने चार कारखाने बंद करण्याचे ठरवले. त्यांपैकी विस्कॉन्सिनमधील जेन्सव्हिलच्या कारखान्यात त्याच वर्षी डिसेंबरमध्ये शेवटची एसयूव्ही तयार झाली.

2014 नंतर तेल निम्म्याहून स्वस्त झाले, आणि ग्राहक पुन्हा मोठ्या मोटारींकडे वळला. जेन्सव्हिलचा कारखाना मात्र पुन्हा सुरू झाला नाही. येझदी हे नावही 2022 मध्ये बाजारात परतले, पण त्या गाड्या फोर-स्ट्रोक आहेत आणि त्या म्हैसूरला नव्हे, तर मध्य प्रदेशातील पीथमपूर येथे तयार होतात.

यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. केवळ महागाईने मोठे वाहन मागे पडत नाही. महागाईला काटकसरी पर्यायाची जोड मिळाली तरच ते मागे पडते. दुसरी गोष्ट अधिक विचार करण्याजोगी आहे. भाव उतरले की ग्राहकाची आवड परत येते, पण मधल्या काळात बंद झालेला कारखाना आणि त्यावर पोट असलेल्या माणसांचे कसब परत येत नाही. म्हणून वाहन तयार करणाऱ्याने काटकसरीचा विचार इंधन स्वस्त असतानाच करावयास हवा.