अठराच्या आत दिवस गेले, तर खर्च किती?

‘बोभाटा नको’ म्हणून घरचे पोरीला घेऊन जिल्ह्याबाहेरचा खासगी दवाखाना गाठतात आणि उसनवारी करून पैसे मोजतात. ते मोजायची गरजच नाही. अठरा वर्षांखालच्या मुलीची राजीखुशी असली तरी कायदा तिला अत्याचारग्रस्त मानतो, आणि अशा मुलीवर सरकारी असो वा खासगी, रुग्णालयाने मोफतच उपचार करायचे असतात. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझर, रक्त, औषधं, येण्याजाण्याची गाडी फुकट. तातडीच्या उपचाराआधी पोलिसांचा कागद मागता येत नाही. वकील जिल्हा विधी सेवा प्राधिकरण देतं, उत्पन्नाचा दाखला न मागता (हेल्पलाइन १५१००).

महाग पडतो तो उशीर. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मतावर गर्भपात होतो, २४ पर्यंत दोघांच्या. त्यापुढे बहुधा उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाकडे परवानगी मागावी लागते. त्यात आपल्याकडे पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ताच बंद होतो. म्हणून पाळी चुकताच आशाताईंशी बोला.

गर्भपाताला पालकाची लेखी संमती लागते. आईवडील अडवत असतील, मारत असतील, लग्न लावून द्यायला निघाले असतील तर? आईबापांपासून कायदेशीर मोकळीक मिळवण्याची सोय आपल्याकडे नाही. पण मुलगी स्वतः बाल कल्याण समितीपुढे जाऊ शकते. मुलांसाठीच्या हेल्पलाइनचा १०९८ फिरवला तरी पुरे. फी नाही. समिती राहायला जागा आणि सोबतीला सहाय्यक व्यक्ती देते. जेवण, कपडे, प्रवासासाठी तातडीची रक्कमही सुचवू शकते. २०२४ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका चौदा वर्षांच्या मुलीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने बजावलं, की पालकांपेक्षा मुलीचं मत वेगळं असेल तर ते विचारात घ्यावंच लागेल. तिचा इस्पितळाचा खर्चही कुटुंबावर पडू दिला नाही.

डॉक्टरला पोलिसांना कळवावंच लागतं. मात्र मुलीने आणि पालकाने विनंती केली तर नाव न देता कळवता येतं, हे २०२२ पासून. जबाब घरी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, साध्या कपड्यात घ्यायचा. रात्री ठाण्यात ठेवायचं नाही म्हणजे नाहीच. १९७२ मध्ये याच भागात, देसाईगंजच्या ठाण्यात, रात्री एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याची तक्रार झाली. आरोपी पोलीस सुटले, आणि त्या संतापातून १९८३ मध्ये बलात्काराचा कायदा बदलला.

भरपाईसाठी सरकारच्या ‘मनोधैर्य’ योजनेचा अर्ज विधी सेवा प्राधिकरणाकडेच करा; एजंटाला काही देऊ नका. बाळ ठेवायचं नसेल तर तेही समितीकडेच सोपवता येतं, आणि मन बदललं तर फेरविचाराला दोन महिने मिळतात.